मामांचे पत्रे

नवागामात आमचं घर म्हणजे खाली एक खोली, वर एक. वरच्या खोलीवर पत्रे. तिथं बसून आई साड्यांना लेस आणि खडे लावते. शेठकडून पार्सल येतं, आठवड्यानं परत जातं. गेल्या पावसाळ्यात छत गळून दोन साड्यांवर डाग पडले. शेठ ओरडला नाही. एवढंच म्हणाला, ‘‘मासी, परत असं झालं तर काम दुसरीला देईन.’’

पत्रे बसवले होते गावाकडच्या आमच्याच तालुक्यातल्या एका ठेकेदारानं. आई त्यांना राखी बांधते, म्हणून ते माझे मामा. गळती सुरू झाल्यापासून तीनदा त्यांनाच बोलावलं. ते यायचे, एकटेच वर जायचे, डांबराची पट्टी चिकटवायचे आणि खिचडी खाऊन जायचे. नेमकं काय झालंय ते आम्ही कधी वर जाऊन पाहिलं नाही. मी म्हटलं तर आई म्हणाली, ‘‘आपला मानूस शे. त्याना कामवर चढीसन देखानं म्हनजे त्यानं नाक कापानं.’’

मी घरातली पहिली पदवीधर. पलसाण्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, खरेदी विभागात आहे. दुसऱ्याच्या कंपनीसाठी रोज कोटेशनं तपासते, आणि स्वतःच्या घराचं छत नात्यावर सोडलेलं. हे मला डाचत होतं. यंदा ठेकेदार मी निवडणार, असं सांगून टाकलं.

पहिला इच्छापोरकडचा. छापील कोटेशन, गुळगुळीत कार्ड, मोबाईलवर कारखान्यांच्या शेडचे फोटो. मी भुललेच होते. कागद नीट असला की मला माणूसही नीट वाटतो, ही माझी खोड. म्हटलं, ‘‘जवळपासचं एखादं घर दाखवा, दोन पावसाळे काढलेलं.’’ तर म्हणाला, ‘‘मॅडम, फोटो आहेत ना.’’ तीनदा विचारलं, तीनदा फोटोच.

दुसरा वऱ्हाडातला मिस्त्री. कोटेशन नाही, कार्ड नाही. त्यानं दिंडोलीतली दोन घरं सांगितली आणि म्हणाला, ‘‘मी येत नाई संग. माह्यासमोर कोन खरं बोलन?’’ मी एकटी गेले. एका घरातली बाई म्हणाली, ‘‘फाटक्या तोंडाचा आहे. माझ्या नवऱ्याशी भांडला. पण छत गळत नाही.’’ दुसऱ्या घरी कुलूप होतं.

मिस्त्री घर बघायला आला. आधी वर चढला, मग वरूनच हाक मारली, ‘‘ताई, शिकेल आहा ना? मंग या वर. खालून काय समजते?’’

‘‘पडशील वं!’’ आई ओरडली. मी ओढणी कमरेला खोचून चढले.

त्यानं बोट ठेवून दाखवलं. पत्र्याला उंचवटे असतात आणि मधे पन्हळी. पाणी पन्हळीतून वाहतं, म्हणून स्क्रू उंचवट्यावर मारायचा. मामांनी सगळे पन्हळीत मारले होते. तिथं पत्रा खालच्या आधाराला टेकलेला असतो, काम लवकर उरकतं; पण पाणी स्क्रूच्या भोकातून आत येतं. त्यांच्या डांबराच्या पट्ट्या भलत्याच जागी होत्या.

‘‘कोनं केलं हे?’’

मी म्हटलं, ‘‘नात्यातल्यानं.’’

‘‘हां,’’ तो म्हणाला. ‘‘मंग तुमी पाहाले कायले येता.’’

खाली येऊन आईला जसंच्या तसं सांगितलं. ती बराच वेळ साडीवर खडे लावत राहिली. मग म्हणाली, ‘‘वऱ्हाडी शे, आपला नई.’’ थोड्या वेळानं तिनं स्वतःच फोन घेतला. मला वाटलं, मामांनाच पुन्हा बोलावते की काय.

‘‘भाऊ, यंदा पत्रं दुसरा करी ऱ्हायना,’’ ती म्हणाली. पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. ‘‘नई, पोरना हट नई. मीच सांगं,’’ आई म्हणाली आणि फोन ठेवला. ते खरं नव्हतं. हट्ट माझाच होता.

मिस्त्रीनं दोन दिवसांत सगळे पत्रे काढून पुन्हा बसवले. आईच्या जुन्या कपाटाला त्यानं नावंही ठेवली. जुलैत आठवडाभर सलग पाऊस झाला. शेठचं पार्सल वेळेवर गेलं, दुसरं आलं.

राखीला मामा आले नाहीत. आईनं ताट लावून दुपारपर्यंत वाट पाहिली, मग झाकून ठेवलं. मी म्हटलं, ‘‘मी जाऊन बोलू का त्यांच्याशी?’’

‘‘नको,’’ ती म्हणाली. ‘‘रागे भरी गया व्हई. साड्या कोरड्या शेतस ना?’’ आणि वर कामाला गेली.