सबीहाभाभींची कपाशी

अकोल्याच्या जुन्या शहरात माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याला लागूनच जुबेरचं डिझाइनचं. माणूस तसा वाईट नाही. पण कुणी त्याच्या बायकोचं कौतुक केलं, की एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करतो.

खरं तर सबीहाभाभींना कॉम्प्युटर त्यानंच शिकवला. आपण फ्लेक्स लावायला गेलो की गिऱ्हाईक परत जाऊ नये, एवढाच त्याचा हेतू. भाभी मात्र वेबसाइटच्या मागं पसरते ती नक्षी करू लागल्या. नक्षीचा लहानसा एकच चौकोन काढायचा. पडद्यावर तोच आडवा-उभा लागत जातो. उजव्या कडेला तुटलेली फांदी डाव्या कडेतून नेमकी पुढं निघाली पाहिजे, नाहीतर जोड दिसतो. भाभी चौकोन मधोमध कापायच्या, दोन्ही तुकड्यांच्या जागा बदलायच्या आणि कडा मध्ये आल्या की तिथं पानं-फुलं भरायच्या. मग जोड मलाही सापडत नसे, आणि दुसऱ्याच्या कामातली खोट काढण्यात मी कुणाला हार जाणारा नाही.

हळूहळू गिऱ्हाईक दारातूनच विचारायला लागलं, "भाभी आहेत का?" नसल्या तर, "मंग येतो." जुबेर दुकानात असून नसल्यासारखा. मी एकदा गमतीनं "गुरूची विद्या गुरूला" म्हणालो, तर त्यानं चार दिवस माझ्याशी बोलणंच टाकलं होतं.

ते बोंडअळीचं वर्ष. शेतात धड कापूस नव्हता, पण बियाणं विकणाऱ्यांना वेबसाइटवर टंच बोंडं हवी होती. बाळापूरला कृषी केंद्र चालवणाऱ्या खुशालरावांनी कपाशीच्या ओळींची नक्षी मागितली आणि फोनवर बजावलं, "भाभीच्या हातचीच पायजे." फोन घेतला होता जुबेरनं.

भाभींनी नक्षी केली आणि पाठवायला त्याच्याकडे दिली. त्याचा जळफळाट काही आवरेना. निदान एकदा तरी हिच्या कामाला लोकांनी नावं ठेवावीत, म्हणून त्यानं उजव्या कडेची झाडं जराशी खाली सरकवली आणि नक्षी तशीच पाठवून दिली. हे पुढं त्यानंच मला सांगितलं. दुसरं कुणाला सांगणार?

दुसऱ्या दिवशी खुशालरावांचा फोन आला तेव्हा मी सुटे पैसे मागायला तिथंच उभा होतो. भाभीही होत्या. जुबेरनं घाईघाईनं स्पीकर लावला. बायकोची निंदा तिच्याच कानावर पडावी, एवढी हौस!

"जुबेरभाई, हे काय पाठवलं बाप्पा? पानभर ओळी तुटून राहिल्या. असं वाकडं कोणी पेरलं तं आमी सालदारालेबी हाकलून देतो."

"सांगा भाऊ, सांगा," जुबेर भाभींकडे बघत मोठ्यानं म्हणाला.

"आता काय सांगू? भाभीच्या हातची पायजे म्हटलं होतं ना मी? मंग तुमी काहून केली?"

भाभींनी जुबेरनं पाठवलेली नक्षी पडद्यावर उघडली, उजवी कड पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं. आता भांडी वाजणार, असं मला वाटलं. पण त्या फोनकडे वाकल्या.

"हो भाऊ, त्याइनंच केली. माही आता पाठवून राहिली मी."

फोन ठेवून त्या जुबेरला म्हणाल्या, "उठा. मले बसू द्या."