अंगणातून पाहिलेलं घर

"तिथंच थांब. घर तिथनंच दिसतं."

रावसाहेब ओट्यावरून बोलले. मी अंगणात उभा, मागं बायको. धुतलेलं धोतर, डोक्याला नवा रुमाल. थाट नवरदेवाचा, जागा कुत्र्याची.

आम्ही महार. मी सोलापुरात गिरणीच्या सूतखात्यात कामाला. बायको, पाच पोरं आणि मी एका खोलीत. रात्री कूस बदलायची तर सगळ्यांना विचारावं लागे. रावसाहेब पुण्याला मुलाकडं निघालेले. घर आमच्या वस्तीला लागून, म्हणून दुसरं गिऱ्हाईक नाही.

"आत जरा बघू द्या की."

"देव आहेत आत. खरेदीखत झालं की देव नेतो. मग नाच आत."

म्हणजे घेतल्यावर बघायचं. आम्ही बकरं घेतानाही दात बघतो!

धाब्याचं घर, वर मातीचं सपाट छत. वर पाणी ओतलं की कुठं गळतं ते कळतं. त्यांच्या गड्यानं वर चढून दोन घागरी ओतल्या. मी जाणत्यासारखी मान वर केली. काय दिसणार? आभाळ.

रावसाहेब आतून ओरडले, "थेंब नाही!"

बायको कुजबुजली, "आत भांडं वाजतंय की वो."

खरंच. टप्. टप्. कुणीतरी खाली पातेलं धरलं होतं. आम्ही दोघांनी न ऐकल्यासारखं केलं. घर हातचं जाईल ना!

आठवड्यानं खत नोंदायला कचेरीत गेलो. इसाराचे पैसे आधीच दिले होते. मला पायरीखाली उभं केलं. कारकुनानं आतूनच खत वाचलं, "घर आतून-बाहेरून पाहून, खात्री करून घेतले आहे." मग कागद पायरीवर ठेवला, त्यावर टाक टाकला.

"कर सही."

सही मी महिनाभर पोरांच्या पाटीवर गिरवली होती. वाकलो. आणि ते 'आतून' पुन्हा ऐकू आलं. मला कुणी अंगणात थांबवलंच नव्हतं, असं मीच लिहून देणार?

"न्हाय."

"काय न्हाय?"

"आत गेलो न्हाय. जाऊ दिलं न्हाय. तसं लिवा, मग करतो सही."

कचेरी हसली. रावसाहेब म्हणाले, "घर द्यायला निघालो, तर माज बघा!"

टाकाला हात न लावता मी सरळ उभा राहिलो.

इसार गेला. घर गेलं. वाटेत बायको एवढंच म्हणाली, "पोरांस्नी काय सांगायचं?"

घर आजही नाही. पण माझ्यावर जे गुदरलं ते गुदरलंच नाही, असं माझ्या हातून कुणी लिहून घेणार नाही. मला उघड्यावर ठेवा. सही मिळणार नाही.