म्हैस बघायला आलेले मामा

आमच्या मामांनी आयुष्यात शंभरेक म्हशी बघितल्या, घेतली एकच, आणि तीही नाइलाजानं. म्हशींचा धंदा नव्हता हो त्यांचा. नात्यातल्या मुलीला कुठलं स्थळ सांगून आलं, की मुलाच्या गावी चौकशीला मामांना धाडायचं, असा आमच्याकडे रिवाजच होता. मामाही धुवट टोपी घालून, जुन्या एम-एटीला किक मारून निघायचे आणि थेट त्या गावच्या हॉटेलात जाऊन बसायचे. हॉटेल म्हणजे आपलं नेहमीचंच. पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी, भज्यांची परात आणि सतत उकळणारा चहा.

"अमक्याचा मुलगा कसा आहे हो?" असं सरळ विचारणं म्हणजे मामांच्या लेखी शुद्ध गाढवपणा. ते म्हणायचे, "तसं इचारलं की गाव सावध व्हतं. मग समदी पोरं एकदम देवमाणसं." म्हणून मामा सांगायचे, म्हैस बघायला आलोय. म्हैस म्हटलं की लोक मोकळे होतात. कुणाचा गोठा घाण असतो, कोण जनावराला मारतो, कोण खोटं सांगून गळ्यात मारतो, सगळं भडाभडा बाहेर येतं. त्या ओघात मुलाच्या घराचं नाव निघायचंच. नाही निघालं तर मामा हळूच म्हणायचे, "आन त्या वरच्या आळीला कुनाकडं हाय का, राव?"

गावात तीन हॉटेलं असली तर तिन्हीकडे चहा व्हायचा. स्टँडवर, चावडीपाशी आणि डेअरीसमोर. याचंही शास्त्र होतं. "पयल्या चहाला गाव पावण्याशी बोलतं. तिसऱ्या चहाला आपसात बोलतं. आपन गप ऐकायचं." एवढं साखरपाणी पोटात गेल्यावर घरी येईस्तोवर मामांच्या छातीत नुसती आग पेटलेली असायची. मामी ताकाचा तांब्या घेऊन दारातच उभी असे. तोंडानं मात्र तिचा पट्टा चालू: "पोरगी लोकाची, पित्त आमचं."

ती एक म्हैस घेतली त्याची कथा अशी. आळे गावचा एक शेतकरी मामांना खरंच गिऱ्हाईक समजला. सौदा मोडावा म्हणून मामा मुद्दाम भाव पाडून सांगत गेले, आणि तो गडी दर वेळी "चला, तुमच्या मनासारखं" म्हणत उतरत गेला. हॉटेलातली दहा माणसं मध्यस्थीला सरसावली. आता नाही म्हणावं तर सोंग उघडं पडतंय! मामा टेम्पोत म्हशीशेजारी उभे राहून घरी आले. ते स्थळ काही जमलं नाही. मामी म्हणाली, "नवरदेव बघायला गेलता ना? मग ही कोन?" म्हैस मात्र गुणी निघाली. आम्ही सगळ्या भाच्या तिच्याच दुधावर पोसलो.

मामांकडून एक चूक मात्र अशी झाली, की तिची चेष्टा आमच्या घरात कुणी केली नाही. माझ्या मावसबहिणीचं, सुनीताताईचं, बेल्ह्याचं स्थळ होतं. मामा घाईत होते, म्हणून बैलबाजाराच्या दिवशीच गेले. त्यांना वाटलं, गर्दी असेल, जास्त माणसं बोलतील. माणसं बोललीही, मुलगा निर्व्यसनी आहे म्हणाली. पण ती होती चार तालुक्यांतून आलेली, त्यांना त्या मुलाचं काय माहीत? लग्नानंतर महिन्यातच कळलं, नवरा रोज पितो. वर्षाच्या आत मामा स्वतः जाऊन ताईला माघारी घेऊन आले. पुढं कितीतरी दिवस ते तिच्याकडे मान वर करून बघत नव्हते. "बाजारच्या दिशी हॉटेलात गाव नसतं, हे मला कळाया नको व्हतं?" एवढंच म्हणायचे. त्यानंतर ते प्रत्येक गावी दोनदा जायला लागले, आणि कानावर आलेलं बारीकसारीकही घरी सांगायला लागले. काही पोटात ठेवायचं नाही.

आणि मग माझी पाळी आली.

माझं माहेर कळंबचं. नारायणगावच्या एका लॅबमध्ये मला नोकरी होती, गुरुवारी सुट्टी. राजुरीचा सागर माझ्या ओळखीचा झाला, आणि ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून आम्ही दर गुरुवारी आळेफाट्याच्या एका कॅफेत भेटायला लागलो. काचेचं दार, रंगीत दिवे, चहाच्या चौपट भावाची कॉफी. वर्षभरानं ठरवलं, लग्न करायचं. पण आमचे दादा, म्हणजे वडील, असे, की पोरीनं आपला नवरा आपण शोधला तर तो राजा असला तरी नको. कळलं असतं तर नोकरी बंद, घराबाहेर पडणं बंद. म्हणून सागरच्या चुलत्यांकरवी रीतसर स्थळ पाठवलं, जणू आम्ही एकमेकांना जन्मात पाहिलेलं नाही. दादांनी स्थळ ऐकलं आणि म्हणाले, "पावण्यांना राजुरीला पाठवू." पावणे म्हणजे आमचे मामाच.

मामा दोनदा गेले. दुसऱ्यांदा आले ते सरळ आमच्याच ओट्यावर बसले.

"काय म्हणतंय गाव?" दादांनी विचारलं.

"घर बरं हाय, दाजी. पोरगं ठिबकचं दुकान चालवतंय. दारू न्हाई, मावा न्हाई. आईला उलटून बोलत न्हाई."

"संगत?"

मामांनी ताकाचा घोट घेतला. "गुरवारी आळेफाट्याला कॉफी प्यायला जातंय."

मी आत कणीक मळत होते. हात तिथेच थांबले.

"कुणाबरोबर?"

"ते काय इचारलं न्हाई," मामा म्हणाले.

लग्न झालं. गोठ्यातलं शेण कोण काढतं इथपर्यंत विचारणारा माणूस नेमकं हेच विचारायचं विसरला, यावर मी आणि सागर कितीतरी वर्षं हसलो. मामांना गुंडाळलं याचा आम्हाला, खरं सांगते, थोडा गर्वच होता. सणावाराला मामा घरी आले की मी त्यांच्या ताटात हटकून जास्त वाढायची, त्या पापाची भरपाई म्हणून.

गेल्या वर्षी मामा गेले. चार दिवस ताप आला आणि संपलं. मामीनं टोपी धुऊन, घडी घालून कपाटात ठेवली. नात्यात आता स्थळ आलं की लोक मोबाईलवर मुलाचे फोटो बघतात.

परवा आळेफाट्यावरून येताना सहज आम्ही त्या कॅफेत शिरलो. मालक तोच, केस तेवढे पिकलेले. आम्हाला ओळखून म्हणाला, "तुमचे ते टोपीवाले मामा बरे आहेत ना? वर्षातून एकदोनदा तरी चक्कर असायची."

मी गार पडले. मामा गेल्याचं सागरनं सांगितलं. मालक खुर्ची ओढून बसला.

"तुमच्या लग्नाआधीची गोष्ट. तुम्ही दोघं आत बसलेले, आणि हे समोर टायरवाल्याच्या बाकड्यावर. तुम्ही गेल्यावर आत आले. मला वाटलं, आता तमाशा होणार. तर यांनी कॉफी मागवली, तोंड वाकडं करत सगळी प्यायले. मग म्हणाले, 'आत्ता गेली ती माझी भाची हाय. मला दुसरं काय नको. दोघांत जास्त कोन बोलतं, तेवढं सांग.'"

"मग?"

"मी म्हणालो, पोरगीच बोलते. पोरगा ऐकतो. तर म्हणाले, 'आन ती चिडली तर?' म्हटलं, चिडते की! मग तो काही बोलत नाही, अजून एक कॉफी मागवतो." मालक हसला. "त्यावर ते उठलेच. 'बास, झाली माझी चौकशी,' म्हणाले."

मी भर दुपारी, चारचौघांत, त्या टेबलावर डोकं ठेवून रडले. सागर काही बोलला नाही. त्यानं मालकाला बोटानं खूण केली, अजून एक कॉफी.