दादानं चाखलेले साबण

मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माझ्या दादाच्या जिभेला लई मान हाय. सिद्धराम त्याचं नाव, आडतीवर कामाला. तुरीचा दाणा दातानं फोडतो अन् ओल किती ते सांगतो. लोकं ऐकतात, म्हणून ह्याला वाटतं दुनियेतली हर चीज जिभेनंच कळती. वहिनीला बघायला गेलता तवा तिच्याकडं कमी अन् पोह्याकडं जास्त बघितलं. घरी येऊन म्हणाला, मीठ बरोबर हाय, करून टाकू.

लातूर जिल्हा होऊन तवा चार वर्षं झालती. ऑफिसं आली, पाट्या आल्या, नळाला पाणी तेवढं आलं न्हाई. टँकर चौथ्या दिवशी यायचा अन् घराला चार घागरी मिळायच्या. वहिनीला दूध कमी, म्हणून चार महिन्यांची पोरगी बाटलीवर. पाणी वाचवायला आम्ही बाटली नुसती विसळायचो. पोरीला जुलाब लागले, डोळे खोल गेले. सलाईनवर कशीबशी वाचली. डॉक्टर म्हणाले, बाटली साबणानं धुवा, उकळा. परत असं झालं तर पोरगी हाताला लागायची न्हाई.

दादा त्या दिवशी जेवला न्हाई. दुसऱ्या दिवशी पाच साबण घेऊन आला. अंगणात पाच गिलास मांडले, एकेक गिलास एकेका साबणानं घासला, गिलासाला एकच तांब्या पाणी, अन् त्यात दूध ओतून प्याला. चव लागली की साबण बाद. गुलाबी वडीनं फुलं खाल्ल्यासारखं तोंड केलं. कपड्याच्या बारला थुंकला. सुट्ट्या पावडरीनं तर जिभेला फोड आले. अव्वा, आमची आई, उंबऱ्यात बसून म्हणाली, आता फेस येईपर्यंत थांबू नको.

चार दिवस ह्याला काहीच चव न्हाई. मोंढ्यात ओली तूर कोरडी म्हणून पास केली. शेतकरी आशीर्वाद देऊन गेला, अन् शेठनं ह्याला जीभ बरी होईस्तोवर घरी पाठवलं.

तवा कुठं हा दवाखान्यातल्या चतुराबाईकडं गेला. ह्याच बाईनं वहिनीचं बाळंतपण केलतं. मीबी संगट होते. जीभ बघून ती आधी पोटभर हसली. मग सांगितलं, वास न्हाई, रंग न्हाई असली साधी वडी घे, स्वस्तातलीबी चालती, पण ती बाटलीचीच ठेव. ब्रशनं बूड घास, रबरी बूच उलटं करून घास. बोटाला बुळबुळ लागायची बंद होईस्तोवर विसळ, अन् मग उकळ.

"साबण कोणताबी चांगलाच निघंल," ती म्हणाली, "पण तांब्याभर पाण्यात न्हाई निघायचा."

येताना दादा बोटावर हिशेब करत आला. दिवसातनं सहा बाटल्या, अन् घरात चार घागरी.

आता हे ऐका. माझा दादा आंघोळ अन् लिंगपूजा केल्याबिगर तोंडात पाणीसुद्धा घेत न्हाई. लग्नात ताप आलता तरी थंड पाण्यानं न्हाला. त्यानं दुसऱ्या सकाळी स्वतःची आंघोळीची अर्धी बादली उचलली अन् वहिनीपुढं ठेवली. म्हणाला, हे बाटलीचं.

अव्वा भडकली. पारोसा पूजेला बसणार का म्हणून विचारलं.

"लिंगाला वाटीभर पाणी लागतं, अव्वा, ते ठेवलंय," दादा म्हणाला. "बाकी मळ माझ्या अंगावर हाय. तो राहू दे."

ओल्या फडक्यानं हातपाय पुसले, विभूती लावली, पूजेला बसला. अव्वा दिवसभर भांडी आपटत राहिली. पण संध्याकाळी स्वतःचा तांब्याबी त्याच बादलीत ओतून गेली.

पाऊस पडंपर्यंत दादाचं असंच चाललं. मोंढ्यात हमाल त्याच्यापासून दोन हात लांब बसायचे. मी तर घरात त्याला शेजाऱ्यांच्या म्हशीपाशी झोप म्हणायचे. पण टँकरपाशी गल्लीतल्या एकीनं नाक धरलं, तिची घागर मी आडवी केली. त्याला चिडवायचा हक्क माझा हाय, हिचा न्हाई.

पोरीला परत जुलाब झाले न्हाईत. महिन्यानं वजनाला नेली तर चतुराबाईनं पोरगी आत घेतली अन् दादाला बाहेरच थांबवलं. खिडकीतनं ह्यानं तीनदा विचारलं, किती भरली? तिनं तीनदा सांगितलं, पाच किलो वर पाव. चौथ्यांदा विचारल्यावर तिनं खिडकी लावून घेतली.