घर दाखवायचे दिवस

नवऱ्याच्या कंपनीनं प्रिन्स्टनजवळचं ऑफिस बंद करायचं ठरवलं, त्या दिवशी सगळ्यांना कॅफेटेरियात बोलावून केक कापला. केक कशाचा, तर म्हणे नव्या सुरुवातीचा. ज्यांना अटलांटाजवळच्या ऑफिसात यायचंय त्यांनी यावं, बाकीच्यांनी थोडा पगार घेऊन घरी बसावं. संध्याकाळी बूट काढता काढता नवरा म्हणाला, "अल्फारेटा. नाव तरी ऐकलंयस का?"

"ऐकलंय. घरं मोठी असतात म्हणे तिकडे."

"आधी आपलं विकलं पाहिजे."

प्रिन्स्टनजवळच्याच वेस्ट विंडसरचं हे टाउनहाउस आम्ही घेतलं होतं तेव्हा घरांवर उड्या पडत होत्या. शनिवारी बघितलेलं घर रविवारी हातचं जायचं. "आज घेतलं नाहीत तर पुढच्या वर्षी परवडणार नाही," असं जो तो सांगायचा, आणि आम्हीही पुढे चार जणांना तेच सांगितलं. त्यामुळे विकायला वेळ लागेल असं दोघांच्याही मनात आलं नाही. मी एका डेंटिस्टकडे अर्धा वेळ फोन घ्यायचं काम करत होते. तिथं मेडिकल इन्शुरन्स नव्हता आणि मुलीला दमा होता. म्हणजे नवऱ्याची नोकरी सोडायचा प्रश्नच नव्हता. त्यानं पुढं जायचं, तिथं खोली घेऊन राहायचं, दर दोन आठवड्यांनी यायचं. घर विकलं की मुलीला घेऊन मी मागून जायचं. दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे, असं आम्ही दोन्हीकडच्या आईवडिलांना फोनवर सांगितलं.

थंडी ओसरली तशी घर विकून देणारी एजंट बाई आली. साठीच्या आसपासची, गोरी, नीटनेटकी, बोलायला फार गोड. तिनं सगळ्या खोल्यांतून हिंडून प्रत्येक वस्तूकडे प्रेमानं बघितलं आणि मग सांगितलं की हे सगळं काढावं लागेल. भिंतीवरचे फोटो काढा. फ्रिजवरची मुलीची चित्रं काढा. येणाऱ्या माणसाला इथं स्वतःचं कुटुंब दिसलं पाहिजे, तुमचं नको. देवघरापाशी ती जरा थांबली. "हे फार सुंदर आहे," ती म्हणाली, "पण..." मी म्हटलं, कळलं. देव कपाटात गेले, चादरींच्या वरच्या फळीवर. रोज सकाळी आंघोळ झाली की मी कपाट उघडून हात जोडायचे आणि दार लावून घ्यायचे.

शेवटी ती स्वयंपाकघरात आली. खूप वेळ शब्द शोधत होती. "मला तुमचं जेवण फार आवडतं. पण ग्राहक दार उघडतो तेव्हा पहिल्यांदा नाक आत येतं."

मग फोडणी मागच्या दारच्या उघड्या डेकवर गेली. आमच्या ग्रिलला बाजूला एक छोटा बर्नर होता, त्यावर. मार्च महिन्यात अंगात कोट, डोक्याला टोपी, एका हातात मोहरीचा डबा आणि दुसऱ्या हातानं वारा अडवायचा, अशी मी आमटी करायची. हिंग टाकला की वास वाऱ्यावर जायचा. कुणाकडे जायचा देव जाणे. मासे बंद झाले, तळणं बंद झालं. मुलीला आनंद झाला, कारण रोज पास्ता मिळायला लागला. आठवड्याभरात तीही कंटाळली. "मॉम, कॅन वी जस्ट हॅव वरण-भात?" असं तिनं विचारलं तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. एरवी वरण-भात बघितला की तोंड वाकडं करणारी पोर!

घर बघायला कोण कधी येईल त्याचा नेम नसायचा. एजंटचा फोन यायचा, "एका तासात येतायत, चालेल ना?" चालायलाच हवं. मी ऑफिसातून पळत यायची, भांडी उचलायची, संडास पुसायचे, गाद्यांच्या सुरकुत्या काढायच्या, आणि मुलीला घेऊन गाडीत बसून निघून जायची. मालकानं घरात थांबायचं नसतं. लोक अवघडतात म्हणे. आम्ही लायब्ररीच्या पार्किंगमध्ये जाऊन बसायचो. मुलगी मागच्या सीटवर गृहपाठ करायची आणि मध्येच विचारायची, "आर दे डन?" मी म्हणायची, आत्ता होईल. पुष्कळदा फोन यायचा की आलेच नाहीत. ज्यांच्यासाठी संडास पुसला ते आलेच नाहीत, याचा मला भयंकर राग यायचा. न घेणाऱ्यांचा इतका येत नसे.

त्या उन्हाळ्यात आमच्या भिंतीला भिंत लागून असलेलं शेजारचं घर रिकामं झालं. तिथला माणूस नवीन घरांतून स्वयंपाकघराची कपाटं बसवायचा. आधी पहाटेच त्याचा ट्रक निघायचा. मग तो ट्रक दिवसभर दारात दिसायला लागला. एकदा मी सहज विचारलं, सुट्टीवर का? तो म्हणाला, "कुणी घरं बांधतच नाही. घर नाही तर किचन कुठलं?" हे सांगताना तो ट्रकची काच पुसत होता, आधीच स्वच्छ असलेली.

एका शनिवारी दुपारी नवराबायकोनं सामान भरलं. मी मदतीला गेले. त्याच्या बायकोनं फ्रीजरमधल्या आइस कँड्या माझ्या मुलीसाठी दिल्या. "वितळून जातील नाहीतर." कुठं जाताय विचारल्यावर म्हणाली, बहिणीकडे, ओहायोला. घराचं काय, हे मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं की हप्ते भरता येईनात, म्हणून चावी बँकेला पाठवून दिलीय. निघताना त्याला माझ्याशी हात मिळवायचा होता, पण त्याच्या हातात टेबलाचे पाय होते. मान हलवून ते गेले.

त्यांच्या पायऱ्यांवर जाहिरातींचे कागद साठायला लागले. कुंड्यांतली झाडं माना टाकायला लागली. एजंट बाई हळूच म्हणाली की शेजारचं घर असं पडलेलं दिसलं की लोकांना शंका येते. तेव्हापासून मी दोन घरं सांभाळायला लागले. कामावर जाताना शेजारचे कागद उचलायचे, संध्याकाळी त्यांच्या कुंड्यांना पाणी घालायचं. आमच्याकडची एक खुर्ची त्यांच्या दारात नेऊन ठेवली, कुणी नुकतंच उठून आत गेल्यासारखी. सप्टेंबर लागताच, इकडच्या रिवाजाप्रमाणे, त्यांच्या पायरीवर एक भोपळाही ठेवला.

नवरा यायचा तो शुक्रवारी उशिरा, आणि रविवारी दुपारीच परत. पेट्रोल महाग, तिकिटं त्याहून महाग, म्हणून दोन आठवड्यांचे तीन झाले, मग महिना. आला की तो दमलेला असायचा आणि मीही. आम्ही भांडतसुद्धा नव्हतो. त्यानं नळ दुरुस्त करायचा, मी त्याचे कपडे धुवायचे, मुलीनं त्याला शाळेतलं दाखवायचं. रविवारी तो गेला की ती त्याच्या खुर्चीत जाऊन बसायची. एकदा फोनवर तो म्हणाला, "इथं खोलीत एकट्यासाठी कुकर लावायचा कंटाळा येतो गं." मी म्हटलं, "इथं तर लावायची परवानगीच नाही." दोघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

आणि मग ते जोडपं आलं.

त्या दिवशी मुलीला धाप लागली होती. मी तिला वरच्या खोलीत नेब्युलायझर लावून बसवलं होतं. एजंटला म्हटलं, आज बाहेर जाणं शक्य नाही. ती म्हणाली, दार लावून बसा, मी सांगते त्यांना. थोड्या वेळानं खाली पावलं वाजली आणि आवाज आले. मराठी!

"किचन छोटं आहे यार," पुरुषाचा आवाज.

"छोटं कुठंय? जर्सी सिटीच्या आपल्या किचनमध्ये आपण दोघं एका वेळी मावत नाही."

"शेजारचं रिकामं आहे. बघितलंस? भोपळा नुसता दाखवायला ठेवलाय."

मी तोंडावर हात घेतला.

"इथं कोपऱ्यात देवघर छान बसेल," बाई म्हणाली. बरोबर त्याच कोपऱ्यात माझं होतं.

"आपण कमीच मागू. एवढे दिवस मार्केटवर आहे म्हणजे अडलेले असणार. अडला हरी..."

"...गाढवाचे पाय धरी. म्हणजे तू गाढव का?"

मला हसू आवरेना. मुलगी मास्कच्या आतून डोळे मोठे करून बघत होती. "व्हॉट्स फनी?" मी उठले, दार उघडलं आणि जिन्यावरून म्हटलं, "मग गाढव कोण ते ठरलं का?"

खाली तिघंही पुतळ्यासारखी उभी. एजंट बाईला कळेना की घरमालकीण काय बोलली आणि ग्राहकाचा चेहरा लाल का झाला. त्याची बायको पोटुशी होती, सातवा लागला असावा. तिनं दोन्ही हात गालांवर घेतले. "सॉरी, सॉरी काकू! आम्हाला वाटलं..."

आयुष्यात पहिल्यांदाच मला पोटुशी बाई काकू म्हणत होती. मी म्हटलं, "काकू म्हणालीस तर आता चहा घ्यावाच लागेल."

एजंटनं मान हलवली, असं करायचं नसतं. पण मी आलं किसलं. चहा ठेवला तो आतच, माझ्याच शेगडीवर. ती नागपूरची, तो पुण्याचा, मॅनहॅटनमधल्या एका फायनान्स कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करणारा. फोडणी डेकवर करते हे मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अय्या! आणि मी दार उघडल्यापासून वास शोधत होते. घर कुणाचं आहे तेच कळेना." मी तिला कपाट उघडून देव दाखवले. मी वाकू नको म्हणत असतानाही ती खाली वाकली.

जाताना तो मुलगा दारात घुटमळला. "काकू, ते अडला हरीचं... मनावर घेऊ नका."

"खरंच आहे ते. अडलोच आहोत."

त्यांनी आम्ही घेतलेल्या किमतीपेक्षा कमीच देऊ केलं, पण लाजिरवाणं नाही. नवऱ्यानं फोनवर आकडा दोनदा विचारून घेतला. मग म्हणाला, "देऊन टाक. मी थकलोय." बाळंतपणाच्या आधी घर ताब्यात हवं अशी त्यांची घाई आणि आमचीही. त्या रात्री मी घरातच भरपूर लसणाची फोडणी दिली.

पुढे बातम्या ऐकवेनात. मोठमोठ्या बँका बुडाल्याच्या गोष्टी डेंटिस्टच्या वेटिंग रूममधल्या टीव्हीवर दिवसभर चालायच्या. लोक दात दाखवायचं पुढं ढकलायला लागले आणि माझे तास कमी झाले. एका दुपारी त्या मुलाचा फोन आला. आवाजावरूनच समजलं.

"काकू, आमचं नाही जमणार."

त्यांचा अख्खा मजला एका सकाळी रिकामा केला होता. व्हिसा कंपनीचा, त्यामुळे नवी नोकरी लगेच मिळाली नाही तर परत जाणं भाग. ती पुण्याला सासरी जाऊन बाळंत होणार होती. विमान कंपनी अजून प्रवास करू देतेय तोवर. "तुमचं नुकसान झालं," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"अरे, तू तिची काळजी घे," मी म्हणत होते. "घराचं काय घेऊन बसलायस." फोन ठेवल्यावर मी जिन्यात बसले. त्याला धीर देताना कुठून एवढा शहाणपणा आला होता, तो फोनबरोबरच संपला. मुलगी शाळेतून आली आणि दप्तर पाठीवर तसंच ठेवून माझ्या शेजारी बसली.

डिसेंबरात नवऱ्याचा नंबर लागला. अल्फारेटाच्या ऑफिसात या वेळी केक नव्हता. त्यानं मला फोन केला तो गाडीतूनच. "निघालोय. सामान टाकलंय सगळं." मी विचारलं, आत्ता? तो म्हणाला, "इथं थांबून काय करू?" दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पोचला. मागच्या सीटवर कुकर, गादी, इस्त्री. त्याला आत नेऊन मी जेवायला वाढलं. तो जेवला आणि टेबलावरच डोकं ठेवून झोपला.

मला वाटत होतं की मी घाबरेन. नोकरी नाही, इन्शुरन्स महिनाअखेर संपणार, घर विकत नाही. पण खरं सांगायचं तर त्या रात्री मला सुटल्यासारखं वाटलं. आता कुठं जायचं नव्हतं. कुणासाठी गाद्यांच्या सुरकुत्या काढायच्या नव्हत्या.

सकाळी मी एजंट बाईला फोन केला की आम्ही घर विक्रीतून काढून घेतोय. ती दुपारी अंगणातली विक्रीची पाटी काढायला स्वतः आली. जमीन गोठलेली, खांब हलेना. नवरा बाहेर गेला आणि दोघांनी मिळून तो डावीउजवीकडे हलवत उपटला. तिच्या कोटावर एका दुकानाचा बिल्ला होता. "आता परफ्यूम विकते," ती म्हणाली. "घरांचं काम नाहीच. दिवसभर उभं राहावं लागतं तेवढंच. पाय दुखतात."

मी तिला आत बोलावलं, पण तिची कामाची वेळ झाली होती. नवऱ्यानं चहा कागदी कपात घालून आणून दिला. तो तिनं गाडीला टेकून, वाफेत तोंड घालून प्यायला. पाटी तिच्या डिकीत मावेना, म्हणून त्यानं दोरीनं झाकण बांधून दिलं.

पुढं त्याला जर्सी सिटीत कॉन्ट्रॅक्टवर काम मिळालं, आधीपेक्षा कमी पैशांचं, इन्शुरन्स आपला आपण. जाऊन येऊन दिवसाचे बरेच तास ट्रेनमध्ये जायचे. पहिल्या सोमवारी मी त्याला प्रिन्स्टन जंक्शनला सोडायला गेले. प्लॅटफॉर्मवर त्याच्यासारखेच कितीतरी, कॉलर वर करून, थंडीत पाय आपटत उभे. "बरंय ना?" मी विचारलं.

"बरंय," तो म्हणाला. "संध्याकाळी घरी तर येतोय."