राखून ठेवलेला आवाज

"मुकी हाय काय वो ही पोर?" माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं.

"न्हाई," नावाडी मामा म्हणाले, "आवाज राखून ठिवलाय तिनं."

पिंपरीच्या कारखान्यात नोकरी लागल्यावर मी काळेवाडीला मावशीकडे राहायला आले. रोज गूळ कढवायच्या जुन्या पसरट काहिलीत बसून पवना नदी ओलांडायची. मामा सगळ्यांशी बोलत. माझी जागा मात्र न बोलता पंच्याने पुसून देत.

काठावरून कोणी हाळी दिली की काहील येई. कॉन्व्हेंटात हळू बोलायला शिकलेली मी, दुसरं कोणी हाळी देईपर्यंत थांबत असे.

एका संध्याकाळी काठावर मी एकटीच होते. अधू नजरेच्या मामांना मी दिसले नाही. पलीकडे ते रात्रीसाठी काहील पालथी घालू लागले.

"मामा," मी ओरडले, "मी राहिलेय!"