त्याचा नंबर, माझे पाय

मुंबईच्या मॅरेथॉनच्या निकालात आमच्या संस्थाचालकांच्या मुलाचं नाव लागलं. त्या नावापुढं छापलेली वेळ मात्र माझी होती. दुकानातून सुपारी आणायलाही ज्याला गाडी लागते, तो एकवीस किलोमीटर दीड तासात पळाला, हे आख्ख्या धारूरमध्ये कुणालाच खटकलं नाही.

मी त्यांच्याच कॉलेजात खेळाचा शिक्षक, तासिका तत्त्वावर. दर जूनला नव्यानं हात जोडायचे. सकाळी घाटाच्या रस्त्यानं पळणं हा माझा एकच शौक. एका दुपारी संस्थाचालकांच्या त्या मुलानं, भैयानं, ऑफिसात बोलावलं. सगळे त्याला भैयाच म्हणतात, त्याच्या बापाच्या वयाचेसुद्धा. पाय टेबलावर, टाचेखाली कुणाची तरी फाईल.

"सर, मुंबईच्या मॅरेथॉनमधी नाव घातलंय म्या. पर गुडघा लई दुखायलाय. तुमी पळा की."

"माझ्या नावानं?"

"तुमच्या नावानं कावून? नंबर माझा हाय ना."

गुडघा दुखायला तो कधीतरी वापरावा लागतो, एवढं बोलायची माझी हिंमत झाली नाही. "बरं," म्हणालो.

छातीवर लावायचा नंबर ज्याचा त्यालाच देतात, म्हणून मुंबईत तो स्वतः रांगेत उभा राहिला. त्याची तेवढीच मेहनत. मग प्रायोजकांच्या फलकापुढं छाती काढून फोटो. लॉजवर आल्यावर नंबर माझ्या हातात दिला. "मागची पट्टी वाकवू नका, टाइम तिच्यातच येतो."

मी चांगला पळालो, हे सांगायलाही आता लाज वाटते. छातीवरच्या नंबराखाली त्याचं नाव मोठ्या अक्षरात छापलेलं. रस्त्याकडेची अनोळखी माणसं ते वाचून ओरडायची, भले शाब्बास म्हणायची. पेडर रोडच्या चढावर एका म्हाताऱ्या बाईनं त्याचं नाव घेऊन संत्र्याची फोड पुढं केली. मी ती घेतली, आणि हात वर करून हसलोसुद्धा. भैयाचा मला तिटकारा आहेच. पण त्या वर केलेल्या हाताची जास्त शिसारी येते.

गावात होर्डिंगची तयारी सुरू झाली. नंबर टाकला की पळतानाचे फोटो वेबसाइटवर सापडतात. कॉलेजच्या क्लार्कनं ते काढले आणि धावत माझ्याकडं आला. "सर, ह्ये तर तुमी हाव!" भैयाला कळल्यावर तो जरासुद्धा गडबडला नाही. छपाईवाल्याला फोन लावला, "मुंडकं बदल बे." झालं. बसस्टँडसमोर दहा फुटी होर्डिंग लागलं. मान माझी, उन्हानं काळवंडलेली; वर त्याचं गोरंगोमटं तोंड.

सत्काराला जेसीबीतून फुलं उधळली. संचालक मंडळ पहिल्या रांगेत माना डोलवत होतं. मला बोलायला लावलं. "भैयांनी वर्षभर घाटात घाम गाळला," असं मी माईकवर म्हणालो. टाळ्या पडल्या. भैयानं डोळे पुसले. खरंच पुसले.

घरी जाताना बायको होर्डिंगपाशी थांबली. डाव्या नडगीवरच्या व्रणाकडं बघत म्हणाली, "ह्ये पाय तुमचे हायती."

"चल गप."

"त्याला लाज न्हाई, त्ये समद्यांला ठाव हाय. तुमची कुठं गेली?"

चार दिवस नीट जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी मी मॅरेथॉनवाल्यांना सगळं लिहून पाठवलं, सोबत माझा फोटो आणि त्याचा फोटो. आठवड्याभरात निकालातून त्याचं नाव उडालं. आम्हा दोघांनाही त्या शर्यतीत पुन्हा नाव घालता येणार नाही, असं पत्र आलं.

भैयानं मला बोलावून घेतलं. मला वाटलं, आता नोकरी गेली. पण तो मोबाईल बघत हसत होता.

"सर, तुमीच कळवलं ना? कावून यवढा कुटाणा केला? येबसाइट कोन बघतंय हितं? लोक होर्डिंग बघत्यात."

त्याचं खरं होतं. होर्डिंग पुढं दोन महिने हललं नाही. त्याला तालुक्याच्या क्रीडा समितीचं अध्यक्षपद मिळालं. मला जूनमध्ये पुन्हा घेतलं, पडेल ते काम करणारा म्हणून. मुंबईच्या शर्यतीची नोंदणी यंदा सुरू झाली, तेव्हा मी फॉर्म उघडून नुसता बघत बसलो आणि बंद केला.